गिझर किती अंशांवर ठेवायचा?

गिझरच्या खटक्यावर बहुधा अंश लिहिलेले नसतातच. कुठे एक ते पाच आकडे असतात, कुठे निळ्याकडून लालकडे जाणारी पट्टी, तर कुठे नुसता बाण. मग तो खटका बसवणाऱ्याने ठेवला तिथेच वर्षानुवर्षं राहतो, आणि पुष्कळदा तो शेवटच्या टोकाला असतो. टाकीत ७० ते ७५ अंशांचं पाणी, आणि अंघोळीला लागतं ३८ ते ४० अंशांचं. मधलं अंतर आपण रोज विसण घालून भरून काढतो.

आकडा आधी सांगतो, कारणं मागाहून. (सगळे अंश सेल्सिअसचे आहेत.) टाकीच्या गिझरला पुढे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी आपोआप मिसळून नळाला ठरावीक तापमानाचं पाणी देणारा) असेल तर टाकी ६० वर ठेवा आणि व्हॉल्व्ह ४२ ते ४५ वर. व्हॉल्व्ह नाही आणि घरात सगळी धडधाकट मोठी माणसं आहेत, तर ५५. व्हॉल्व्ह नाही आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे, तर ५०, आणि आठवड्यातून एकदा टाकी ६० च्या वर नेऊन आणायची. ६५ च्या वर ठेवण्याचं घरगुती वापरात सहसा कारण सापडत नाही. टाकी लहान पडते म्हणून खटका वर ढकललेला असतो इतकंच, आणि त्याचा हिशेब पुढे आहे.

खालची हद्द आणि वरची हद्द

खालची हद्द जिवाणू ठरवतात. लिजनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, पस्तिशीच्या आसपास तर फारच जोमाने. ५० च्या वर त्याची वाढ थांबते. ६० अंशांना दर दोनेक मिनिटांत दहातले नऊ मरतात आणि ७० ला जवळजवळ लगेच. त्याला हे नाव १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीवरून पडलं. हे पाणी प्यायल्याने सहसा बाधा होत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की होते. म्हणून टाकी ४०–४५ वर ठेवून ‘विसणाची कटकटच नको’ म्हणणं हा सर्वांत वाईट पर्याय. जे पाणी अंगाला छान कोमट लागतं, तेच जिवाणूलाही मानवतं.

यात थोडा विवेक हवा. पंधरा लिटरचा गिझर रोज सकाळी चालू होतो, तापतो आणि दोघांच्या अंघोळीत जवळजवळ पूर्ण बदलतो. तिथे पाणी साचून राहत नाही, त्यामुळे धोका कमी. शंभर-दीडशे लिटरची टाकी, जिचं तळाचं पाणी दिवसभर कोमटच राहतं, तिथे ही काळजी खरी. घरात कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजाराने कमी झाली असेल, तर मात्र टाकी छोटी असो की मोठी, ६० अंश आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह. तिथे तडजोड करू नका.

वरची हद्द कातडी ठरवते. मोठ्या माणसाच्या त्वचेला खोल भाजायला ४९ अंशांच्या पाण्यात साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. ५२ ला दोनेक मिनिटं. ५५ ला अर्ध्या मिनिटाहून कमी. ६० ला पाच सेकंदांच्या आसपास, आणि ७० ला एक सेकंदही पुरतो. तापमान सरळ रेषेत चढतं, पण मिळणारा वेळ कोसळत जातो. ५० अंशांचं पाणी अंगावर आलं तर ‘आई गं’ म्हणून बाजूला व्हायला सवड असते. ६५ ला ओरडायच्या आत भाजलेलं असतं. मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. म्हाताऱ्यांना चटकन हलता येत नाही, आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका जाणवतच नाही. तो पाय बादलीत तसाच ठेवतो.

म्हणून बाळाचं पाणी काढताना क्रम पाळा: आधी गार पाणी, मग त्यात गरम. उलट केलं तर मधली एक-दोन मिनिटं बादलीत नुसतं कढत पाणी असतं आणि अपघात नेमके तेव्हाच होतात. बाळासाठी ३७–३८ अंश पुरे. हाताच्या तळव्यापेक्षा कोपराने अंदाज बरा लागतो, थर्मामीटरने त्याहून बरा.

विजेचा गैरसमज

‘खटका खाली ठेवला की बिल कमी’ हे अर्धंच खरं आहे. पाणी तापवायला लागणारी वीज काढायचा हिशेब सोपा: लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले ०.००११६, म्हणजे युनिट. गार पाणी १५ अंशांचं आहे आणि तुम्हाला ४० अंशांचं ४० लिटर पाणी हवंय, तर ४० × २५ × ०.००११६, म्हणजे सुमारे १.१६ युनिट. हे पाणी ६० अंशांच्या टाकीतून थोडं घेऊन जास्त विसण घातलं काय, किंवा ५० च्या टाकीतून जास्त घेऊन कमी विसण घातलं काय, अंगावर आलेल्या उष्णतेची किंमत तीच.

फरक पडतो तो टाकी उभ्या उभ्या निवते त्यात. ही गळती टाकी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. खोली २५ अंशांची असेल तर ६० च्या टाकीचा फरक ३५ आणि ५० च्या टाकीचा २५, म्हणजे गळती साधारण २८ ते २९ टक्क्यांनी कमी. चोवीस तास चालू राहणाऱ्या मोठ्या टाकीला हे जाणवतं. अंघोळीआधी अर्धा तास लावून नंतर बंद होणाऱ्या गिझरला जवळजवळ नाही. तिथे वीज वाचवायची तर खटक्यापेक्षा बटण वेळेवर बंद करणं आणि गरम पाण्याच्या नळीला फोमचं वेष्टन घालणं जास्त उपयोगी. नळी लांब असेल तर तिच्यातच पाणी अडकतं: १३ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या दहा मीटर नळीत सुमारे सव्वा लिटर. दर वेळी नळ उघडला की आधी तेवढं निवलेलं पाणी वाहून जातं.

उष्मा पंपाच्या (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या) हिटरचं गणित वेगळं. तिथे तापमान जितकं वर, तितकी कार्यक्षमता खाली. त्याला ५० ते ५५ वर ठेवून आठवड्यातून एकदा ६० च्या वर नेणं रास्त. बहुतेकांत तशी सोय यंत्रातच असते, फक्त ती चालू आहे ना ते बघा.

टाकी पुरत नाही म्हणून खटका वर?

हेच खरं कारण असतं, म्हणून हिशेब मांडू. टाकीचं तापमान वजा गार पाण्याचं तापमान, याला टाकीच्या लिटरने गुणा, आणि अंघोळीचं तापमान वजा गार पाण्याचं तापमान याने भागा. जे येईल तेवढे लिटर अंघोळीचं पाणी.

२५ लिटरची टाकी, गार पाणी २५ अंशांचं, अंघोळ ४० ची. टाकी ६० वर असेल तर ५८ लिटर, ५० वर असेल तर ४२ लिटर. थंडीत गार पाणी १५ वर आलं की हेच आकडे ४५ आणि ३५ होतात. प्रत्यक्षात गरम पाणी जाताना खालून गार पाणी शिरतं आणि थोडं मिसळतं, म्हणून पाचवा ते चौथा हिस्सा कमीच धरा. आता शेजारी वेळ ठेवा: १५ अंशांवरून ६० ला जायला २ किलोवॅटच्या कॉइलला सुमारे ३९ मिनिटं, ५० ला जायला ३०. म्हणजे दुसऱ्या माणसाच्या अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं थांबणं शक्य असेल तर खटका वर करायची गरज नाही. थांबणं शक्य नसेल तर टाकी ६० पर्यंत न्या. तरीही पुरत नसेल तर टाकी लहान आहे. तिला ७५ वर तापवून मोठी करू नका.

खटका नको, थर्मामीटर

खटक्यावरचा ‘तीन’ हा एका गिझरात ४८ असतो तर दुसऱ्यात ५८. शिवाय खटक्यामागच्या थर्मोस्टॅटची स्वतःची ढिलाई असते: एका तापमानाला तो वीज तोडतो आणि काही अंश खाली आल्यावर परत जोडतो. म्हणून एकदा मोजाच.

लागतं ते इतकंच: ० ते १०० अंशांचा स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि एक जाड पेला किंवा थर्मास. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याची पट्टी ४२–४३ ला संपते. लांबून मोजणारी इन्फ्रारेड बंदूकही चकचकीत स्टीलवर चुकीचा आकडा दाखवते.

गिझर चालू करून दिवा विझेपर्यंत थांबा. मग लगेच न मोजता दहा मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे टाकीतलं तापमान स्थिरावेल. गिझरच्या सर्वांत जवळचा नळ फक्त गरमकडे पूर्ण उघडा, पहिले एक-दोन लिटर सोडून द्या. पेला एकदा त्याच पाण्याने विसळून गरम करा, नाहीतर तो स्वतःच दोन-तीन अंश खाईल. मग भरून घ्या आणि थर्मामीटर अर्धा मिनिट बुडवून वाचा. अशा तीन वेगवेगळ्या वेळच्या मोजण्या घ्या आणि सर्वांत मोठा आकडा धरा, कारण भाजतं ते सर्वांत गरम पाण्याने. हवं त्यापेक्षा जास्त असेल तर खटका थोडासा मागे घ्या, पाणी वापरून परत तापू द्या आणि पुन्हा मोजा. जमलं की खटक्यावर पर्मनंट मार्करने खूण करा.

बाहेर खटका नसलेल्या गिझरात थर्मोस्टॅट खालच्या झाकणाआड असतो. तिथे हात घालण्याआधी भिंतीवरचं बटण पुरेसं नाही: एमसीबी पाडा, प्लग काढा आणि टेस्टरने दोन्ही टोकं तपासा. झाकणाचे स्क्रू काढले की कॉइलच्या तारांजवळ छोटी चकती दिसेल, तिच्यावर बहुधा अंश असतात. पेचकसाने ती सावकाश फिरवा. शेजारी जो वेगळा कटआउट असतो (काहींत त्याला लाल बटण असतं), त्याला हात लावू नका. पाणी ८५–९५ अंशांच्या घरात गेलं तर वीज तोडणारा तो शेवटचा पहारेकरी आहे. तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा असतो. कटआउट तार जोडून बायपास करणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला पुढचं काम देऊ नका. दोन कॉइलच्या मोठ्या टाकीत दोन थर्मोस्टॅट असतात, दोन्ही सारख्याच आकड्यावर ठेवा.

मिक्सिंग व्हॉल्व्ह

टाकी ६० आणि नळाला ४२ हे एकाच वेळी साधायचं तर हाच मार्ग. गिझरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर तो बसतो, त्याला एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार पाणी द्यावं लागतं. आतलं मेण तापमानाप्रमाणे फुगतं-आकसतं आणि दोन्हींचं प्रमाण आपोआप राखतं. दोन्ही नळ्यांवर नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारे) व्हॉल्व्ह हवेत. गरम पाणी मिसळलेल्या पाण्यापेक्षा निदान १० अंश जास्त असलं पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्ह नीट चालत नाही. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असेल तर कमी दाबावर चालणाराच घ्या, नाहीतर शॉवरची धार मरते. बसवल्यावर चाचणी: नळ चालू ठेवून गार पाण्याची बाजू बंद करा. काही सेकंदांत धार जवळजवळ थांबली पाहिजे. कढत पाणी येत राहिलं तर तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

टाकी नसलेले हिटर

इथे पाणी साठत नाही, म्हणून जिवाणूंचा प्रश्न जवळजवळ उरत नाही आणि आकडा सरळ अंघोळीचा ठेवता येतो: ४० ते ४२. तीन किलोवॅटच्या छोट्या विजेच्या गिझरात खरा खटका म्हणजे नळच. ४३ ला दर मिनिटाच्या लिटरने भागा, तेवढे अंश पाणी चढेल. दोन लिटरची धार असेल तर साडेएकवीस अंश, चार लिटरची असेल तर जेमतेम पावणेअकरा. ‘थंडीत गरमच होत नाही’ ही तक्रार असेल तर धार बारीक करा, तेच औषध.

गॅस गिझरला तापमान जास्त ठेवून मग गार पाणी मिसळलं की गरमची धार बारीक होते आणि ठरावीक प्रवाहाखाली ज्योत विझते. मग अंगावर एकदम गार पाणी येतं. तापमान खाली आणि गरमचा नळ पूर्ण उघडा, हे बरं. आणि तापमानापेक्षा मोठी गोष्ट: बंद न्हाणीघरात गॅस गिझर नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गिझर बाहेर हवेशीर जागी आणि धुराची नळी उघड्यावर, एवढं नसेल तर तो वापरूच नका.

सौर हिटरची टाकी कडक उन्हात ७०–८० अंशांपर्यंत सहज जाते आणि तिला थर्मोस्टॅट रोखत नाही. तिथे मिक्सिंग व्हॉल्व्ह चैन नसून गरज आहे. तिच्या विजेच्या पर्यायी कॉइलला टायमर लावा. ती दिवसभर चालू राहिली तर सूर्याचं काम आधीच उरकून बसते.

आकडा बरोबर, तरी पाणी बिघडतं

कुठल्याही आकड्यावर कोमटच पाणी येत असेल, तर आधी एक साधी तपासणी: गिझरला पाणी देणारा कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा. तरीही धार येत राहिली, तर कुठल्यातरी मिक्सर नळातून गार पाणी गरमच्या नळीत शिरतंय. दोष गिझरचा नाही, मिक्सरच्या कार्ट्रिजचा (आतल्या, पाणी मिसळणाऱ्या भागाचा) आहे. धार थांबली तर पुढचा संशय: आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी अदलाबदल झाली आहे. मग गार पाणी वर पडतं आणि आपण तळाचं कोमट पाणी ओढतो.

दिवा लागलेला आणि पाणी गारच, तर बहुधा कॉइल जळली. दिवा विझतच नाही आणि नळातून वाफ येते, तर थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले. गिझर बंद करा, नळ लगेच उघडू नका, तासाभराने बघा. तापताना सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ते मात्र ठीक. २५ अंशांवरून ६० वर जाताना पाणी सुमारे दीड टक्का फुगतं, म्हणजे पंधरा लिटरच्या टाकीत जवळजवळ पाव लिटर, आणि ते कुठेतरी जायलाच हवं. ते भोक बुजवणं म्हणजे बॉम्ब तयार करणं. गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे.

बाहेरगावी जाताना गिझर पूर्ण बंद करा. आठवडाभराने परतल्यावर टाकी ६० च्या वर नेऊन अर्धा तास तशीच ठेवा, मग खिडकी उघडून एकेक गरम नळ वाहू द्या. शॉवरचं तोंड बादलीत बुडवून सोडा, तुषार उडू नयेत म्हणून. घरच्यांना आधी सांगा, कारण त्या वेळी नळाला रोजच्यापेक्षा कितीतरी गरम पाणी असतं. ५० वर ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा हाच प्रकार करायचा.

क्षारयुक्त पाणी असेल तर ६० च्या वर न जाण्याचं आणखी एक कारण आहे. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना कॉइलवर बसतो, आणि तापमान चढत जाईल तसा झपाट्याने. तापताना खदखद, तडतड ऐकू येते ती त्याचीच. थर थर्मोस्टॅटच्या नळीवर बसला की त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळतं, आणि ६० ला लावलेला गिझर ७० पर्यंत धावतो. वर्षातून एकदा कॉइल काढून लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून काही तास बुडवा. सुरीने खरवडू नका, वरचं आवरण चिरतं. त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची सळईही बघा: झिजून आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. आणि सगळं परत जोडल्यावर खटक्यावरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका. कॉइल साफ झाली किंवा थर्मोस्टॅट बदलला की ती खूण सरकलेली असू शकते. पेला आणि थर्मामीटर पुन्हा काढा.